मॅकिंटॉश खरोखर कॅथलिक होता काय?

इटलीतील विख्यात कादंबरीकार आणि चिन्हशास्त्राचे अभ्यासक उंबेर्तो एको यांनी ३० सप्टेंबर १९९४ रोजी 'लेस्प्रेस्सो' साप्ताहिकातील आपल्या सदरात एक खेळकर लेख लिहिला. जगात एक नवे धर्मयुद्ध चालू आहे आणि त्याची फारशी वाच्यता होत नाही, असे त्यांचे म्हणणे. हे युद्ध संगणक वापरणाऱ्यांमधले. एका बाजूस अ‍ॅपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाचे अनुयायी, दुसऱ्या बाजूस मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीचे. एकोंनी निवाडा देऊन टाकला. मॅकिंटॉश कॅथलिक आहे आणि डॉस प्रॉटेस्टंट!

मॅकिंटॉशच्या पडद्यावर चित्रे मांडलेली असत. कागदाचे चित्र, फोल्डरचे चित्र, कचऱ्याच्या डब्याचे चित्र. माऊस सरकवावा, चित्रावर टिचकी मारावी आणि काम व्हावे. एकोंना ही रीत धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेसारखी वाटली. ती श्रद्धावंताचा हात धरून त्याला पायरीपायरीने तारणापर्यंत, निदान कागद छापून निघेपर्यंत, घेऊन जाते. येशूसंघीयांच्या 'रात्सिओ स्तुदिओरुम' या शिक्षणपद्धतीची छाया त्यांना तीत दिसली. डॉसचा पडदा मात्र काळा आणि रिता. कोपऱ्यात एखादे अक्षर, बाणासारखी एक खूण आणि लुकलुकणारी रेघ. आज्ञा कोणती हे आपण जाणावे, ती आपणच टंकावी, चुकल्यास यंत्राचे रुक्ष उत्तर सोसावे. शास्त्राचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा, निर्णयाचे ओझे ज्याचे त्याने वाहायचे आणि सर्वांचेच तारण होईल अशी हमी नाही. एकोंच्या मते ही कॅल्व्हिनपंथीयांची वाट. त्या वेळचे विंडोज त्यांनी अँग्लिकन ठरवले. वरवर कॅथेड्रलमधील थाटाचे विधी, पण हवे तेव्हा डॉसकडे परतण्याची मुभा.

एको तरुणपणी इटलीतील कॅथलिक युवक चळवळीत वावरलेले. संत थॉमस अक्वायनस यांच्या सौंदर्यविचारावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि पुढे ते श्रद्धेपासून दूर गेले. त्यामुळे या थट्टेला घरच्या माणसाने केलेल्या थट्टेची गोडी आणि धार दोन्ही आहेत. तरीही आम्हांला तिच्यात एक खोच जाणवते. चित्र हे कॅथलिकांचे आणि शब्द हा प्रॉटेस्टंटांचा, ही वाटणी एकदा मान्य केली की चित्र भाबड्यांसाठी आणि शब्द जाणत्यांसाठी, हा दुसरा निष्कर्ष तिच्यामागून आपोआप चालत येतो. आज शाळा, बँक, दवाखाना, धर्मग्रामाचे कार्यालय, सगळीकडे संगणक आहे. त्याच्याशी बोलायचे कसे, हे ठरवणे म्हणजे त्याच्यावर सत्ता कोणाची, हे ठरवणे होय. म्हणून एकोंच्या थट्टेची इतिहासाच्या आधारे थोडी तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

शब्दाचे राज्य

संगणकाशी माणूस प्रथम संवाद करू लागला तो शब्दांनीही नव्हे आणि चित्रांनीही नव्हे. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा तंत्रज्ञांच्या स्वाधीन करावा आणि उत्तरासाठी काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, वाट पाहावी, अशी पूर्वीची तऱ्हा होती. १९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी प्रणाली दाखवली. आता माणूस टेलिप्रिंटरसमोर बसून आज्ञा टंकू शकत होता आणि यंत्र तिथल्या तिथे उत्तर छापत होते. कमांड लाइन, म्हणजे आज्ञेची ओळ, ती ही.

याच प्रणालीवर काम करणाऱ्या लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्याला एक साधी गोष्ट सुचली. रोज त्याच त्या आज्ञा पुन्हा पुन्हा का टंकायच्या? त्या एका फाइलीत ओळीने लिहून ठेवाव्यात आणि यंत्राने ती फाइल वाचून एकेक आज्ञा पाळावी. त्यासाठी त्याने एक छोटी आज्ञावली रचली. बोललेला शब्द लिहून ठेवता आला की जे घडते तेच येथे घडले. आज्ञेला स्मृती मिळाली. ती दुसऱ्याला देता येऊ लागली, वाचून तपासता येऊ लागली, वर्षभराने पुन्हा वापरता येऊ लागली.

१९६९ साली न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवायला घेतली. तिच्या आज्ञा चमत्कारिक आखूड आहेत. यादी पाहायची तर 'एलएस', नक्कल करायची तर 'सीपी', पुसून टाकायचे तर 'आरएम'. नवख्याला ही गुप्त मंत्रांची भाषा वाटते. कारण मात्र अगदी ऐहिक होते. तेव्हाचा टेलिप्रिंटर सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापी आणि त्याच्या कळा जड असत. दोन अक्षरांत भागत असताना दहा कोण बडवणार? पुढे १९७३ मध्ये टॉम्प्सन यांनी डग मॅक्इलरॉय या सहकाऱ्याच्या जुन्या कल्पनेला मूर्त रूप दिले. एका आज्ञेतून निघालेला मजकूर नळीतून वाहावा तसा थेट दुसऱ्या आज्ञेत सोडायचा. १९६४ च्या एका टिपणात मॅक्इलरॉय यांनी बागेला पाणी घालण्याच्या नळीचाच दाखला दिला होता. चार लहान आज्ञा एकापुढे एक जोडल्या की पाचवे मोठे काम होऊ लागले. शब्दांची वाक्ये बनू लागली, असेच म्हणायचे.

चित्र कशासाठी जन्मले?

चित्राचा वंशही तितकाच जुना आहे. १९६३ साली त्याच मॅसॅच्युसेट्समधील संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी प्रबंधासाठी 'स्केचपॅड' तयार केले. प्रकाशलेखणी पडद्यावर टेकवून थेट रेखाटन करण्याची ती सोय होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे नव्वद मिनिटांच्या प्रात्यक्षिकात माऊस, पडद्यावर मजकुराची जुळवाजुळव, एका मजकुरातून दुसऱ्याकडे उडी, दूरच्या सहकाऱ्याचे पडद्यावर दर्शन, असे सारे एका दमात दाखवले. त्यांचा पहिला माऊस लाकडी होता आणि तो बिल इंग्लिश या सहकाऱ्याने घडवला होता.

ज्या एंगलबार्टांना आपण माऊसचे जनक म्हणतो, त्यांना संगणक 'सोपा' करण्यात फारसा रस नव्हता, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. माणसाची बुद्धी वाढावी हा त्यांचा ध्यास. प्रात्यक्षिकात त्यांच्या उजव्या हाताशी माऊस होता, तर डाव्या हाताशी पाच कळांची एक छोटी पट्टी होती. अनेक कळा एकदम दाबून तिच्यावर अक्षरे आणि आज्ञा द्यायच्या. ती शिकायला श्रम पडत. सोपे तेच उत्तम असते तर सर्वांनी जन्मभर तीनचाकी सायकलच चालवली असती, असा दृष्टांत ते देत. म्हणजे माऊस जन्मला तेव्हा त्याच्या शेजारी शब्दही होता. एका हातात चित्र, दुसऱ्या हातात आज्ञा.

पुढे कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रात १९७३ मध्ये 'ऑल्टो' हा संगणक तयार झाला. तेथे अ‍ॅलन के आणि त्यांचे सहकारी मुलांना संगणक कसा शिकवावा याचा विचार करीत होते. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या लेखनावरून के यांनी एक सूत्र घेतले. मूल आधी हाताने करून शिकते, मग चित्राने, मग चिन्हाने. के यांची चित्रे आणि खिडक्या ही या जिन्याची मधली पायरी होती. शेवटची पायरी होती चिन्हांची, म्हणजे मुलाने स्वतः आज्ञावली लिहिण्याची.

बाजारात गेल्यावर जिना लहान झाला. झेरॉक्सचा 'स्टार' १९८१ मध्ये आला, अ‍ॅपलचा 'लिसा' १९८३ मध्ये ९,९९५ डॉलरांना आणि 'मॅकिंटॉश' २४ जानेवारी १९८४ रोजी २,४९५ डॉलरांना. पहिल्या मॅकिंटॉशमध्ये आज्ञेची ओळ नव्हतीच. त्याच्या कळफलकावर बाणांच्या कळाही ठेवल्या नव्हत्या. लोकांनी माऊस वापरलाच पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. मधली पायरी हीच गच्ची आहे, असे आता ग्राहकाला सांगण्यात आले.

येथे आम्हांला थोर संत ग्रेगरी यांची आठवण होते. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयचे बिशप सेरेनुस यांनी आपल्या देवळांतील प्रतिमा फोडून टाकल्या. लोक त्यांची पूजा करू लागतील, ही त्यांची भीती. पोप ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून समज दिली. प्रतिमांची पूजा होऊ न देण्याची कळकळ योग्य, परंतु प्रतिमा मोडणे अयोग्य. ज्याला अक्षर येत नाही तो ग्रंथात जे वाचू शकत नाही ते भिंतीवरील चित्रात वाचतो, असा त्या पत्राचा आशय. पुढे ७८७ मध्ये निकेया येथील दुसऱ्या विश्वपरिषदेने प्रतिमांच्या बाजूने कौल दिला. ख्रिस्तसभेने चित्राला ठामपणे थारा दिला हे खरेच. पण चित्र आहे म्हणून अक्षर नको, असे तिने कधी म्हटले नाही. त्याच काळात मठामठांतून ग्रंथांच्या नकला होत होत्या.

एकोंनी ज्या 'रात्सिओ स्तुदिओरुम'चा दाखला दिला तो तर त्यांच्याच विरुद्ध जातो, असे आम्हांला वाटते. १५९९ साली निश्चित झालेल्या त्या पद्धतीचा पाया होता व्याकरण, साहित्य आणि वक्तृत्व. विभक्त्या पाठ करणे, उजळणी करणे, लिहिणे, तोंडी म्हणून दाखवणे. यात चित्रावर बोट ठेवून पुढे सरकणे कोठे आले? लुकलुकणाऱ्या रेघेसमोर बसून अचूक शब्दाची आठवण करणारा डॉसचा विद्यार्थी येशूसंघीयांच्या वर्गात अधिक शोभला असता.

चोवीस ठसे आणि सहाशे ठसे

त्या शिस्तीत वाढलेल्या आणि आपल्याला विशेष जवळच्या असलेल्या एका येशूसंघीयाकडे आता वळू. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी कोंकणीचे व्याकरण रचले आणि मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. देवनागरी अक्षरांचे ठसे नव्हते, हे त्याचे कारण. १६०८ मध्ये आपल्या श्रेष्ठींना धाडलेल्या पत्रात फादर स्टीफन्स यांनी ही खंत मांडली होती. या देशाची पुस्तके या देशाच्या भाषेत आणि लिपीत छापावीत, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. परंतु युरोपात चोवीस ठशांवर भागते तेथे इकडे सुमारे सहाशे ठसे ओतावे लागतील आणि ते अशक्यप्राय दिसते!

साडेतीनशे वर्षांनंतर हेच गणित संगणकाच्या पडद्यावर पुन्हा अवतरले. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या 'आस्की' या संकेतात एकूण १२८ जागा आहेत. त्यात रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसतात. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे यांना तेथे जागा नाही. आज्ञेची ओळ याच संकेतावर उभी होती. म्हणून युनिक्सच्या टेलिप्रिंटरवर किंवा डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी माणसाला प्रवेश होता तो परक्या भाषेचा आणि परक्या लिपीचा उंबरठा ओलांडूनच. एको म्हणतात तसा तेथे माणूस आपल्या सद्सद्विवेकाशी एकटा पडे खरा, पण आपल्याकडे तो आधी इंग्रजी स्पेलिंगशी एकटा पडे.

या अडचणीवर आपल्याकडे मोलाचे काम झाले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे संशोधन पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत 'जिस्ट' या नावाने वाढले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावरही देवनागरी उमटे. 'इस्की' हा भारतीय लिप्यांचा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. परंतु सामान्य लेखकाच्या आणि छापखान्याच्या दृष्टीने दार उघडले ते चित्रमय पडद्याने. चित्राच्या पडद्याला 'अ' आणि 'ए' यांत भेदभाव करण्याचे कारण नव्हते. त्याच्या लेखी दोन्ही ठिपक्यांची चित्रेच. विंडोजवर देवनागरी फाँट आले, खिळे जुळवण्याचे काम पडद्यावर होऊ लागले आणि लहानसहान मराठी नियतकालिकांनाही आपला अंक संगणकावर जुळवता येऊ लागला. फादर स्टीफन्स यांचे सहाशे ठसे अखेर ओतले गेले ते असे. ज्या चित्राला भाबड्यांचे साधन म्हणून हिणवले जाई, त्यानेच आमच्या अक्षराला घर दिले.

मात्र ते घर भाड्याचे होते. प्रत्येक फाँटचा संकेत निराळा. एका फाँटमध्ये लिहिलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडावा तर नुसती किडामुंगी! डोळ्यांना मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नसेच. त्यामुळे त्यात शोध घेता येत नसे की अकारविल्हे लावता येत नसे. हा गोंधळ मिटला तो जगातील साऱ्या लिप्यांसाठी आखलेल्या 'युनिकोड' संकेतामुळे. १९९१ मधील त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. हा संकेत फायलींत साठवण्याची 'यूटीएफ-८' ही पद्धत सप्टेंबर १९९२ मध्ये ज्यांनी आखली त्यांत प्रमुख होते केन टॉम्प्सन. सेकंदाला दहा अक्षरे छापणाऱ्या टेलिप्रिंटरपाशी युनिक्स घडवणारे तेच हे टॉम्प्सन. चित्राने आम्हांला दार उघडून दिले आणि शब्दाच्या उपासकाने घराचा ताबा दिला. कोणाला कॅथलिक म्हणावे आणि कोणाला प्रॉटेस्टंट?

ज्यांना चित्र दिसत नाही

या धर्मयुद्धाची एक बाजू एकोंच्या लेखात नाही. डॉसच्या पडद्यावर फक्त अक्षरे असत. ती वाचून मोठ्याने उच्चारणारी आज्ञावली बनवणे त्यामानाने सोपे होते. अपघातात दृष्टी गमावलेले टेड हेंटर यांनी अमेरिकेत १९८९ साली डॉससाठी 'जॉज' नावाची अशी आज्ञावली बाजारात आणली. अंध माणूस कळफलकावर आज्ञा टंकी, यंत्र उत्तर वाचून दाखवी. काळा, ओका पडदा त्याच्यासाठी ओका नव्हता. विंडोजचा प्रसार झाला आणि अक्षरांच्या जागी ठिपक्यांची चित्रे आली. डोळसांचे काम सोपे करणाऱ्या त्या बदलाने अंधांच्या हातचे काम हिरावून घेण्याची वेळ आणली. 'जॉज'ची विंडोजसाठीची आवृत्ती १९९५ मध्ये आली, तोवर आणि त्यानंतरही हा झगडा चालू राहिला. चित्रामागे त्याचे नाव आणि काम शब्दांत नोंदवलेले असले पाहिजे, हा धडा यंत्र बनवणाऱ्यांना त्यातून मिळाला. सर्वांचे तारण करू पाहणारे चित्र शब्दाच्या आधाराविना कित्येकांना दाराबाहेर ठेवते, ही गोष्ट आपण विसरू नये.

पंथांचा समेट

एकोंचा लेख प्रसिद्ध झाल्यावर सुमारे साडेसहा वर्षांनी, २४ मार्च २००१ रोजी, अ‍ॅपलने मॅकिंटॉशसाठी नवी प्रणाली आणली. तिचा गाभा युनिक्सचा होता आणि 'टर्मिनल' नावाच्या खिडकीत लुकलुकणारी रेघ हजर होती. कॅथलिक मॅकिंटॉशच्या गर्भगृहात आज्ञेची ओळ! मायक्रोसॉफ्टचा प्रवासही तिकडेच झाला. विंडोज सर्व्हर सांभाळणाऱ्यांना प्रत्येक यंत्रावर तीच चित्रे पुन्हा पुन्हा दाबावी लागत. ही अडचण ओळखून जेफ्री स्नोव्हर यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर २००६ मध्ये 'पॉवरशेल' ही नवी आज्ञाभाषा आली. त्याच सुमारास कंपनीच्या एक्सचेंज या टपाल-सर्व्हरच्या २००७ च्या आवृत्तीत एक सुंदर सोय झाली. व्यवस्थापकाने चित्रावर टिचकी मारून काम केले की त्या कामाची लेखी आज्ञा कोणती, हे पडद्यावर दाखवले जाई. अ‍ॅलन के यांचा जिना पुन्हा जोडला गेला. आधी चित्र पाहा, मग त्याचा शब्द शिका. २००८ च्या विंडोज सर्व्हरमध्ये तर चित्रमय पडदा जवळजवळ वगळून फक्त आज्ञेवर चालणारा पर्यायही देण्यात आला.

असे का व्हावे? एक यंत्र सांभाळणे वेगळे आणि हजार यंत्रे सांभाळणे वेगळे. साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या धर्मग्रामाने बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांच्या चार हजार पानांची छायाचित्रे काढली आणि प्रत्येक फाइलीला वहीचा क्रमांक व पानाचा क्रमांक असे नाव द्यायचे आहे. माऊसने एका फाइलीस पंधरा सेकंद धरले तरी सोळा तास चाळीस मिनिटे लागतील आणि दुपारनंतर चुका होऊ लागतील त्या निराळ्याच. आज्ञेची ओळ जाणणारा माणूस एक लहानशी ओळ लिहून ते काम क्षणात उरकेल. कोणते काम कसे केले, हे त्या ओळीत लिहिलेलेही राहील. पुढचा कार्यकर्ता ती वाचेल, तपासेल आणि पुढील वहीस लावील. टिचक्यांचा असा पुरावा मागे राहत नाही.

पण त्याच ओळीत एक अक्षर चुकले तर चार हजार नावेही क्षणात बिघडतील. युनिक्सची पुसण्याची आज्ञा साधारणतः 'खरेच पुसू का?' असे विचारीत नाही आणि पुसलेले कचऱ्याच्या डब्यातही ठेवीत नाही. म्हणून आधी नकलेवर प्रयोग करावा, मग मूळ फाइलींना हात लावावा. उलट त्याच चार हजार पानांतून फाटलेली, पुसट झालेली पाने निवडायची असतील तर आज्ञेची ओळ काय कामाची? तेथे पानांची लहान लहान चित्रे पडद्यावर मांडून डोळ्यांखालून घालण्यास पर्याय नाही.

यावरून निवडीचे सूत्र आपोआप हाती येते. काय हवे हे ठाऊक नसेल, शोधून पाहायचे असेल, तर चित्र बरे. ते काय काय शक्य आहे हे समोर मांडते आणि स्मरणशक्तीवर भार टाकीत नाही. काय हवे हे नेमके ठाऊक असेल, तेच काम पुष्कळदा करायचे असेल, दूरच्या यंत्रावर करायचे असेल किंवा कसे केले याचा हिशेब दुसऱ्याला द्यायचा असेल, तर शब्द बरा. ही निवड कामाच्या स्वभावावरून करावी. आपण कोणत्या पंथाचे यावरून करू नये.

आपल्यापुढील प्रश्न

तरीही आम्हांला एक चिंता वाटते. आमच्या पिढीने संगणकाचे पहिले धडे डॉसच्या काळ्या पडद्यावर गिरवले. ते धडे कंटाळवाणे होते, पण फाइल म्हणजे काय, ती कोठे असते, कोणत्या नावाने ओळखली जाते, एवढे त्यातून कळले. आजचे मूल मोबाईलच्या काचेवर बोट फिरवीत मोठे होते. त्याला सगळे दिसते, पण कशाचे नाव ठाऊक नसते. चित्र ज्याने आखले त्याने जेवढी दारे ठेवली तेवढ्याच दारांतून त्याला जाता येते. अशा मुलांतून यंत्राचे गिऱ्हाईक तयार होईल, यंत्राचा धनी क्वचितच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅट-जीपीटी' लोकांपुढे आल्यापासून एक नवे वळण आले आहे. लोक पुन्हा यंत्रासमोर बसून शब्द लिहू लागले आहेत आणि या वेळी मराठीतही लिहू लागले आहेत. सहाशे ठशांच्या खंतीपासून आपण येथवर आलो, ही कृतज्ञतेची बाब आहे. मात्र जुनी आज्ञा आणि हे नवे संभाषण यांत मोठे अंतर आहे. जुनी आज्ञा जशी लिहिली तशीच पाळली जाई. नव्या संभाषणात यंत्र आपल्या मनातील हेतूचा अंदाज बांधते आणि तेच शब्द पुन्हा लिहिले तरी उत्तर तेच येईल असे नाही. यंत्राने आपल्यासाठी लिहून दिलेली आज्ञा वाचून ती बरोबर आहे की नाही, हे ज्याला कळते तोच तिचा उपयोग निर्धास्तपणे करील. बाकीच्यांना नुसता विश्वास ठेवावा लागेल आणि यंत्रावर ठेवायचा विश्वास ही श्रद्धा नव्हे.

म्हणून मॅकिंटॉश कॅथलिक होता काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे : अर्धा होता. भिंतीवरील चित्राने अक्षरशून्याला आत घेतले, ही आपली परंपरा त्याच्यात होती. परंतु आत आलेल्याला बसवून अक्षर शिकवणे, हीही आपलीच परंपरा आहे आणि तीच त्याच्यात उणी होती. आपल्या शाळांतून आणि धर्मग्रामांतल्या संगणकवर्गांतून मुलांना चित्रांचा उपयोग अवश्य शिकवावा. पण वर्षाकाठी निदान काही तास त्यांना लुकलुकणाऱ्या रेघेसमोरही बसवावे. एखादी आज्ञा त्यांनी आपल्या हाताने लिहावी, ती का चुकली हे शोधावे आणि बरोबर झालेली आज्ञा वहीत उतरवून शेजारच्या मुलाला द्यावी. फादर स्टीफन्स यांनी परक्या लिपीत का होईना, आमची भाषा आम्हांला छापून दिली. तिला आता स्वतःची लिपी आणि स्वतःचा संकेत लाभला आहे. तिच्यातून यंत्राला आज्ञा देण्याइतके शहाणपण मिळवणे हे मात्र आपल्यालाच करावे लागेल.